सरासरीचे शंभर

बुद्धिमापन कसोट्यांच्या गुणांची सरासरी १०० असते. गुणांचा आलेख काढला की मधोमध उंच आणि दोन्ही अंगांना सारखा उतरत जाणारा घंटाकृती वक्र मिळतो. आज प्रचलित असलेल्या बहुतेक कसोट्यांत प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, १५ धरलेले असते. त्यामुळे शंभरातले सुमारे ६८ जण ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात, सुमारे ९५ जण ७० ते १३० या पट्ट्यात, आणि ७०च्या खाली जेमतेम दोन-सव्वादोन टक्के उरतात. हे आकडे इतके रेखीव आहेत, की निसर्गानेच ते घालून दिले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात १००, १५ आणि वक्राचा घाट या तिन्ही गोष्टी माणसांनी ठरवल्या. त्या ठरवताना सरासरी या वरवर सोप्या दिसणाऱ्या कल्पनेने भल्याभल्यांना चकवले.

हा वक्र मुळात माणसांसाठी नव्हताच. फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनमध्ये राहिलेल्या आब्राहाम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३३मध्ये तो मांडला, तो नाणेफेकीच्या हिशोबासाठी. नाणे पुष्कळ वेळा उडवले तर छाप किती वेळा पडेल, याची शक्यता काढण्याची सोपी रीत त्याला हवी होती. १८०९मध्ये जर्मन गणितज्ञ गाउसने तोच वक्र खगोलशास्त्रात वापरला. एकाच ग्रहाचे किंवा ताऱ्याचे स्थान प्रत्येक वेधात किंचित वेगळे येते, आणि या चुका खऱ्या स्थानाभोवती कशा विखुरतात ते वक्रावरून कळत असे. इथे सरासरीला भक्कम अर्थ होता. तारा एकच, त्या क्षणीचे त्याचे स्थानही एकच. बाकी सारी निरीक्षकाची आणि उपकरणाची चूक.

वक्राला आकाशातून माणसांत आणले ते बेल्जियमच्या आदोल्फ केतलेने. ब्रसेल्सची वेधशाळा उभारणारा हा खगोलशास्त्रज्ञ जन्म, मृत्यू, गुन्हे, आत्महत्या, उंची, वजन अशा मिळेल त्या मानवी आकड्यांच्या मागे लागला. १८३५च्या ग्रंथात त्याने ‘सरासरी माणूस’ ही कल्पना पुढे ठेवली. पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांची एक यादी त्याच्या हाती आली. मापे सुमारे ४० इंचांभोवती अशी विखुरलेली होती, की जणू एकाच माणसाची छाती ५,७३८ वेळा थोडी थोडी चुकून मोजली असावी. केतलेने यावरून काढलेला निष्कर्ष धाडसी होता. निसर्गाचा रोख एका आदर्श माणसावर असतो, आणि प्रत्यक्षातली माणसे म्हणजे त्या आदर्शापासून थोड्याफार ढळलेल्या चुका, असे त्याला वाटले.

कल्पना वादग्रस्त असली तरी वक्र उपयोगी पडत होता. फ्रान्समध्ये सैन्यभरतीसाठी बोलावलेल्या तरुणांच्या उंचीचे आकडे केतलेने तपासले. १५७ सेंटीमीटरहून ठेंगण्यांना भरतीतून सूट होती. वक्राच्या अंदाजापेक्षा या ठेंगण्या गटात माणसे फार जास्त आणि त्याच्या लगेच वरच्या गटात फार कमी निघाली. एक लाखांपैकी सुमारे दोन हजार तरुणांनी उंची कमी दाखवून सैन्य चुकवले, असा तर्क त्याने केला. जमवलेले आकडे वक्रात बसले नाहीत तर त्या आकड्यांतच काही गडबड आहे, असे मानण्याची प्रथा इथून पडली. उंचीच्या बाबतीत ती ठीकच होती, कारण उंची मोजायची पट्टी वक्राच्या आधीपासून होती आणि वक्रावर विसंबूनही नव्हती.

इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८६९च्या आपल्या ग्रंथात पुढचे पाऊल टाकले. छाती आणि उंची या वक्रात बसतात, तर मेंदूची कुवतही बसणारच, असे त्याने गृहीत धरले. पुरावा म्हणून त्याने केंब्रिजच्या गणित परीक्षेचे गुण दिले, पण ते आकडे त्याच्या बाजूने फारसे बोलत नव्हते. दोन वर्षांच्या मिळून २०० यशस्वी उमेदवारांत १७,००० पैकी १,०००हून कमी गुण मिळालेले ९८ जण होते, तर एकटा पहिला ७,५००च्या पुढे गेला होता. घंटेऐवजी डावीकडे ढीग आणि उजवीकडे लांबलचक शेपूट असे ते चित्र होते. वेचून घेतलेल्या उमेदवारांचा वक्र अर्धवटच दिसणार, ही सबब गाल्टनजवळ होती आणि ती अगदीच पोकळही नव्हती. तरी क्रम उलटाच राहिला: बुद्धीचे वितरण आधी ठरले आणि बुद्धी मोजायचे साधन नंतर शोधायचे राहिले.

ते साधन गाल्टनला सापडले नाही. १८८४च्या लंडनमधील आरोग्य प्रदर्शनात त्याने मापनशाळा थाटली. तीन पेन्स भरून ९,३३७ लोकांनी तिथे आपली नजर, ऐकण्याची शक्ती, पकडीचा जोर, प्रतिसादाचा वेग मोजून घेतला. या मोजमापांतून बुद्धीबद्दल काही हाती लागले नाही. १९०१मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विसलरने अशाच चाचण्यांची विद्यार्थ्यांच्या गुणांशी सांगड घालून पाहिली, तेव्हा दोहोंत जवळजवळ संबंधच नाही असे दिसले. मात्र या खटाटोपातून गाल्टनने संख्याशास्त्राला सहसंबंधाची आणि शततमकाची कल्पना दिली, आणि उंच आईबापांची मुले उंच असली तरी सरासरीकडे झुकतात हे १८८६मध्ये दाखवले.

बुद्धिमापनाचे चालणारे साधन पॅरिसमध्ये तयार झाले, आणि तयार करणाऱ्याला वक्राशी काहीच कर्तव्य नव्हते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कसे ओळखावे आणि कसे शिकवावे, याचा विचार करायला फ्रेंच सरकारने १९०४मध्ये एक आयोग नेमला. त्या आयोगातले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी तेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरच्या मदतीने १९०५मध्ये ३० प्रश्नांची मालिका रचली. जळत्या काडीकडे नजर वळते का, इथपासून अमूर्त शब्दांतला फरक सांगता येतो का, इथपर्यंत ती चढत जाई. १९०८च्या आवृत्तीत प्रश्न ३ ते १३ अशा वयांनुसार लावले. एखाद्या वयाची बहुसंख्य मुले जो प्रश्न सोडवतात, तो त्या वयाचा. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांचेच प्रश्न जमले, तर त्याची मानसिक पातळी सहाची. बिने यांच्या दृष्टीने ही पातळी म्हणजे मदत कुठे हवी ते दाखवणारी खूण होती. बुद्धी ही काही लांबी-रुंदीसारखी मोजता येणारी राशी नव्हे, हे ते स्पष्ट सांगत, आणि बुद्धी वाढवता येत नाही असे म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९०९च्या पुस्तकात कडक टीका केली. १९११मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते वारले.

पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने एक अडचण दाखवली. चार वर्षांचे मूल दोन वर्षे मागे असणे आणि बारा वर्षांचे मूल दोन वर्षे मागे असणे सारखे नाही. म्हणून त्याने वजाबाकीऐवजी भागाकार सुचवला. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले की पहिल्याचे अर्धे येते आणि दुसऱ्याचे सुमारे ०.८३. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मनने १९१६मध्ये या भागाकाराला शंभराने गुणून दशांश घालवले, आणि बुद्ध्यांक हा आकडा व्यवहारात आला.

शंभर ही सरासरी नेमकी कशी आली, ते टर्मनच्या कामात उघड दिसते. त्याने बिनेच्या प्रश्नांत भर घातली, काही वगळले, काही वर-खाली सरकवले, गुण देण्याचे निकष बदलले. प्रत्येक वयोगटातल्या मुलांचे मधले मानसिक वय त्यांच्या खऱ्या वयाशी जुळेपर्यंत ही जुळवाजुळव चालली. म्हणजे दहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक १०० आला, कारण तो १०० येईल अशाच रीतीने प्रश्न बसवले होते. यात लबाडी नव्हती. मोजपट्टीचे शून्य कुठेतरी धरावेच लागते, आणि टर्मनने हे पुस्तकात लिहूनही ठेवले. मात्र ज्यांच्यावरून पट्टी आखली ती बहुतांश कॅलिफोर्नियातली, अमेरिकेत जन्मलेली गोरी मुले होती.

विखुरण त्याने आधी ठरवली नव्हती, पण ती बरीचशी घंटाकृती निघाली. ५ ते १४ वयाच्या ९०५ मुलांपैकी ३३.९ टक्के ९६ ते १०५ या पट्ट्यात होती आणि दोन्ही बाजूंचे आकडे बऱ्यापैकी जोडीने उतरत होते. यात नवल नाही. बरेच छोटे छोटे, एकमेकांशी माफक नाते असलेले प्रश्न घेऊन त्यांच्या गुणांची बेरीज केली की बेरजेला असा घाट येतोच, आणि प्रश्नांची काठिण्यपातळी बदलून तो हवा तसा वळवताही येतो. सोपे प्रश्न वाढवले की ढीग उजवीकडे सरकतो, कठीण वाढवले की डावीकडे. मुली-मुलांतला फरकही याच मार्गाने हाताळला गेला. १९१६च्या मालिकेत बहुतेक वयांत मुली किंचित पुढे होत्या. १९३७च्या आवृत्तीत ज्या प्रश्नांत मुलगे किंवा मुली ठळकपणे पुढे जात, ते प्रश्न काढून टाकण्यात आले. त्यानंतर दोघांची सरासरी सारखी येते यावरून स्त्री-पुरुष समतेचा सिद्धांत मांडणे जितके चूक, तितकेच ती सारखी नसती तर विषमतेचा मांडणे चूक ठरले असते.

या साऱ्या प्रकरणाला राष्ट्रीय वादाचे रूप आले ते पहिल्या महायुद्धामुळे. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका युद्धात उतरली. दोन महिन्यांच्या आत रॉबर्ट यर्क्स, टर्मन, हेन्री गॉडर्ड आदी मानसशास्त्रज्ञ न्यू जर्सीतील व्हाइनलंडच्या शाळेत जमले आणि सैनिकांसाठी सामूहिक कसोट्या तयार करू लागले. वाचता येणाऱ्यांसाठी आठ भागांची ‘अल्फा’, न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. बीटामधल्या एका भागात चित्रातला हरवलेला भाग दाखवायचा असे, आणि त्यात टेनिसच्या मैदानातली जाळी ओळखायलाही सांगितले होते. इटलीच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतमजुराला ती कुठून ठाऊक असणार? युद्ध संपेपर्यंत १७ लाखांहून अधिक जणांना या कसोट्यांतून जावे लागले. अनेक छावण्यांत बीटासाठी पाठवायला हवे होते असे लोकही घाईगर्दीत अल्फालाच बसवले गेले, आणि शून्य गुणांचे ढीग साचले. सूचना कळलीच नाही अशा माणसाचे शून्य आणि कळूनही उत्तर न सुचलेल्याचे शून्य यांत आकड्याला फरक करता येत नाही.

१९२१मध्ये यर्क्सच्या संपादनाखाली या कामाचा जाडजूड अहवाल निघाला. त्यातल्या एका आकड्याने खळबळ उडाली: गोऱ्या अमेरिकन भरतीचे सरासरी मानसिक वय १३.०८ वर्षे. गॉडर्डच्या वर्गवारीत आठ ते बारा मानसिक वयाच्या प्रौढाला मंदबुद्धी म्हणत. त्या रेषेच्या जेमतेम वर अख्ख्या राष्ट्राची सरासरी! लोथ्रॉप स्टॉडर्ड या वंशवादी लेखकाने १९२२मध्ये अमेरिकनांचे सरासरी मानसिक वय केवळ चौदा असल्याचे सांगत संस्कृतीच्या ऱ्हासाचे भाकीत केले. लोकशाही आता कशी टिकणार, असे प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारले जाऊ लागले.

या गोंधळाला उत्तर दिले एका पत्रकाराने. ‘द न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकात ऑक्टोबर १९२२पासून वॉल्टर लिपमनने सहा लेख लिहिले. त्याचा पहिलाच मुद्दा साधा होता. सरासरी प्रौढाची बुद्धी सरासरी प्रौढाच्या बुद्धीपेक्षा कमी असू शकत नाही. प्रौढांची सरासरी ठरवायची असेल तर ती प्रौढांच्या मोठ्या नमुन्यावरूनच ठरणार. आणि इतका मोठा नमुना सैन्याखेरीज कुणाकडेच नव्हता. टर्मनने प्रौढाचे मानसिक वय सोळा धरले होते, ते मोजक्या प्रौढांवरून. लाखो सैनिकांची सरासरी तेराच्या आसपास आली, तर चूक सोळाच्या आकड्यात आहे हे उघड होते. राष्ट्राला मंदबुद्धी ठरवण्याआधी पट्टी तपासायची, एवढेच करायचे राहिले होते.

मानसिक वय ही कल्पनाच प्रौढांपाशी येऊन अडखळते, हे यातले मूळ दुखणे. दहा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाएवढे जमते, या म्हणण्याला अर्थ आहे. तीस वर्षांच्या माणसाला छत्तीस वर्षांच्या माणसाएवढे जमते म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण या प्रश्नांतली प्रगती विशीच्या आसपास थांबते आणि वय मात्र वाढत राहते. टर्मनने डिसेंबरमध्ये लिपमनला उत्तर दिले. त्यात खोचक टोमणे भरपूर होते आणि सरासरीच्या मुद्द्याला बगल होती.

यर्क्सच्या अहवालातले आणखी काही आकडे ज्याला त्याला हवे तसे वाचले गेले. परदेशात जन्मलेल्या सैनिकांपैकी अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत राहिलेल्यांचे सरासरी मानसिक वय ११.२९ होते, आणि वीस वर्षांहून अधिक राहिलेल्यांचे १३.७४. मधले गटही क्रमाने चढत गेले होते. कसोटीत भाषेची आणि अमेरिकन राहणीची ओळख मोजली जाते, हा यातला सरळ अर्थ. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅमने १९२३च्या पुस्तकात वेगळाच अर्थ लावला: पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते, आता हलक्या वंशाचे येतात. १९२४मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. त्यात या कसोट्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत एकमत नाही, कारण कायद्याची मागणी कसोट्यांच्या फार आधीपासून होती. त्याच वर्षी होरेस मॅन बाँड या कृष्णवर्णीय अभ्यासकाने अहवालातलेच आकडे पुढे करून दाखवले, की इलिनॉय, ओहायो, न्यूयॉर्क इथल्या काळ्या सैनिकांचे अल्फातील गुण मिसिसिपी, आर्कान्सा, केंटकी इथल्या गोऱ्यांपेक्षा वरचढ होते. ज्या राज्यात शाळा बऱ्या, तिथली सरासरी बरी. १९३०मध्ये ब्रिगहॅमने आपला अभ्यास निराधार होता असे छापून कबूल केले. कायदा मात्र जागच्या जागी राहिला.

वक्राबद्दलची शंकाही कसोट्या घेणाऱ्यांच्याच गोटातून आली. सैन्याच्या आकड्यांवर काम केलेल्या एडविन बोरिंगने १९२०च्या एका लेखात म्हटले, की मानसिक गुण घंटाकृतीच विखुरतात असे गृहीत धरून त्यावर मोजमापाची एकके उभारणे तर्काला धरून नाही. १९२३मध्ये लिपमनच्याच साप्ताहिकात त्याने लिहिलेली व्याख्या तर म्हणीसारखी झाली: बुद्धी म्हणजे बुद्धिकसोट्या जे तपासतात ते. हे वाक्य अनेकदा थट्टेने उद्धृत केले जाते; बोरिंगला ते गंभीरपणे, कामचलाऊ आरंभ म्हणून म्हणायचे होते.

भागाकाराचा बुद्ध्यांक आणखी एका ठिकाणी लंगडा होता. टर्मन आणि मॉड मेरिल यांनी १९३७मध्ये नव्याने प्रमाणीकरण केले, तेव्हा सरासरी सगळ्या वयांत १००च्या आसपास आली, पण विखुरण सारखी नव्हती. सहाव्या वर्षी प्रमाण विचलन १२.५ होते, बाराव्या वर्षी २०. म्हणजे सहाव्या वर्षी १२५ बुद्ध्यांक असलेली मुलगी आपल्या वयाच्या मुलांत त्याच जागी असे, जिथे बाराव्या वर्षी १४० लागत. मुलगी होती तिथेच राहिली तरी आकडा पंधराने वाढणार. सरासरी सारखी असली म्हणजे वितरण सारखे असते असे नाही, याचा इतका स्वच्छ नमुना पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम रचूनही मिळाला नसता.

डेव्हिड वेक्सलरने हा भागाकारच टाकून दिला. रुमानियात जन्मलेला आणि लहानपणी न्यूयॉर्कला आलेला वेक्सलर पहिल्या महायुद्धात सैन्यात कसोट्या घेत होता. नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात प्रौढ रुग्णांची तपासणी करताना मुलांसाठी आखलेली पट्टी त्याला निरुपयोगी वाटू लागली. १९३९च्या त्याच्या कसोटीत व्यक्तीची तुलना फक्त तिच्या वयोगटाशी होई. गटाची सरासरी १०० मानायची, आणि ती व्यक्ती सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते आकड्यात मांडायचे. १५ हा आकडा त्याने निवडला, कारण त्यामुळे मधले ५० टक्के लोक साधारण ९० ते ११० यांत बसत, आणि जुन्या बुद्ध्यांकाची सवय झालेल्यांना आकडे ओळखीचे वाटत. स्टॅनफर्ड-बिनेने १९६०मध्ये हीच रीत घेतली, पण प्रमाण विचलन १६ धरले. त्यामुळे दोन कसोट्यांवरचे १३० कितीतरी वर्षे एकच नव्हते.

या रीतीत वक्र अंगभूत झाला. नमुन्यातल्या लोकांचे कच्चे गुण क्रमाने लावले जातात आणि प्रत्येक क्रमाला घंटाकृती वक्रावरची जागा नेमून दिली जाते. कच्च्या गुणांचा ढीग वाकडातिकडा असला तरी रूपांतरानंतर तो सरळ होतो. म्हणून बुद्ध्यांकाचे वितरण घंटाकृती असते हे विधान खरे असले, तरी त्यावरून बुद्धी घंटाकृती विखुरलेली आहे असे सिद्ध होत नाही. बुद्ध्यांक हा वजनासारखा आकडा नसून वर्गातल्या क्रमांकासारखा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात किती गुणांचे अंतर होते, ते क्रमांक सांगत नाही. १४० बुद्ध्यांकाची व्यक्ती ७०वाल्यापेक्षा दुप्पट हुशार, असे म्हणण्याला त्यामुळेच काही अर्थ उरत नाही.

भारतात या साधनांचे आगमन बऱ्यापैकी लवकर झाले. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमध्ये सी. हर्बर्ट राइस यांनी १९२२च्या सुमारास बिनेच्या कसोटीचे हिंदुस्तानी रूप तयार केले. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने-कसोटी बसवली. त्यांचे पुस्तक १९४०मध्ये प्रसिद्ध झाले. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही मार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांत वापरली जाते, आणि तिचा बुद्ध्यांक मानसिक वयाला खऱ्या वयाने भागूनच काढतात. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या कसोटीचे भारतीय रूप आर्थर मालिन यांनी नागपुरात तयार केले, तेही मराठीत उपलब्ध आहे. एकाच मुलाचे या दोन कसोट्यांवरचे आकडे दोन वेगळ्या जातीचे असतात, हे अहवाल वाचणाऱ्या पालकांना क्वचितच कुणी सांगते.

वेचलेल्या नमुन्याऐवजी अख्ख्या पिढीचे वितरण पाहायला मिळाले ते स्कॉटलंडमध्ये. १ जून १९३२ रोजी देशभरच्या शाळांतून १९२१मध्ये जन्मलेल्या ८७,४९८ मुलामुलींनी एडिंबरोच्या मोरे हाउसमध्ये गॉडफ्रे थॉमसन यांनी तयार केलेली एकच कसोटी सोडवली. एका वर्षी जन्मलेली जवळजवळ सगळी मुले एकाच दिवशी तपासण्याचा हा पहिलाच प्रयोग. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये एक भीती पसरली. मोठ्या कुटुंबांतल्या मुलांचे गुण सरासरीने कमी येत, आणि मुले तर त्यांच्याकडेच जास्त होती. मग राष्ट्राची सरासरी पिढीगणिक घसरणार, हा हिशोब बिनतोड वाटे. रेमंड कॅटेलने १९३७मध्ये या घसरणीवर पुस्तकच लिहिले. थॉमसनही तिची शक्यता मानत.

ताळा पाहण्यासाठी ४ जून १९४७ रोजी तीच कसोटी १९३६मध्ये जन्मलेल्या ७०,८०५ मुलांना दिली गेली. मोठ्या कुटुंबांत गुण कमी, हे नाते पुन्हा दिसले. पण ७६ पैकी सरासरी गुण ३४.५ वरून ३६.७ वर चढले होते. घसरणीचा सगळा तर्क जागेवर असताना सरासरी वर गेली, आणि मुलींची वाढ मुलांपेक्षा अधिक होती. मुलांना आता अशा कसोट्यांचा सराव झाला आहे, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. घसरण आतून चालूच आहे, सरावाने ती झाकली गेली आहे, असे म्हणणारेही निघाले.

या दोन्ही तपासण्यांचे कागद नंतर एडिंबरोत पडून राहिले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा हाती घेतले. १९३२च्या आकड्यांत मुलगे आणि मुलींची सरासरी जवळपास सारखीच होती. प्रमाण विचलन मात्र मुलांचे १४.९ आणि मुलींचे १४.१. एवढ्याशा फरकाने मधल्या भागात काही जाणवत नाही, पण दोन्ही टोकांना मुलांची संख्या वाढते: तळालाही आणि शिखरालाही. पुढील विश्लेषणात हे वितरण घंटेसारखे समतोल नसल्याचेही दिसले. खालच्या बाजूची शेपूट लांब होती आणि शिखर १००च्या थोडे उजवीकडे होते.

शेपटीच्या टोकाशी आकड्याला सर्वाधिक वजन येते, कारण तिथे कायदे आणि सवलती रेषा आखतात. अमेरिकेतील मतिमंदत्वविषयक संघटनेने १९५९मध्ये ही रेषा सरासरीच्या एक प्रमाण विचलन खाली, म्हणजे साधारण ८५वर आखली होती. दैनंदिन वागण्यातल्या अडचणींची अटही जोडीला होती, तरी आकड्याच्या निकषात लोकसंख्येचा सुमारे १६ टक्के भाग येत होता. १९७३मध्ये रेषा दोन प्रमाण विचलने खाली, ७०वर नेली गेली आणि १६चे सव्वादोन टक्के झाले. कुणाच्याही डोक्यात त्या दिवशी काही बदलले नव्हते.

रेषा जागच्या जागी ठेवली तरी तिच्या खालची जमीन सरकते, हे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील जेम्स फ्लिनने १९८४मध्ये दाखवले. तो राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता, मानसशास्त्राचा नव्हे. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी काही लोकांना जुनी आणि नवी अशा दोन्ही कसोट्या दिल्या जात. फ्लिनने असे ७३ अभ्यास गोळा केले. बहुतेक ठिकाणी तेच लोक जुन्या कसोटीवर जास्त गुण मिळवत होते. याचा अर्थ एकच: नव्या नमुन्याचे १०० जुन्या १००पेक्षा कठीण झाले होते. १९३२ ते १९७८ या ४६ वर्षांत अमेरिकनांची सरासरी १३.८ गुणांनी चढली होती. नव्या प्रमाणीकरणात दर वेळी ती पुन्हा १००वर आणून ठेवली जाई, म्हणून चढ कुणाच्या नजरेत भरला नाही. तीन वर्षांनी त्याने १४ देशांचे आकडे मांडले. हॉलंडमध्ये सैन्यभरतीच्या तरुणांची वाढ तीस वर्षांत सुमारे २० गुणांची होती.

कारणांबद्दल शाळा, आहार, लहान कुटुंबे, अमूर्त विचारांची सवय अशी अनेक उत्तरे दिली गेली. आनुवंशिकता मात्र त्यात बसत नाही, कारण दोन पिढ्यांत ती इतकी बदलत नाही. शिवाय चढ कायमचाही नव्हता. नॉर्वेच्या भरतीच्या आकड्यांत १९७५च्या सुमारास जन्मलेल्यांनंतर सरासरी उतरू लागली, आणि २०१८च्या अभ्यासात हा उतार एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या भावांतही दिसला.

जुन्या पट्टीवर मोजलेला आकडा फुगलेला असतो, ही गोष्ट अमेरिकेच्या न्यायालयांत जीवन-मरणाची ठरली. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला मृत्युदंड देता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये दिला. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७०ची रेषा धरली, आणि तिच्यावर एक गुण असला तरी पुढचा पुरावा ऐकायला नकार दिला. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा बुद्ध्यांक ७१ होता. २०१४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती ताठर रेषा घटनाबाह्य ठरवली. कसोटीत मोजमापाची चूक असतेच, म्हणून ७१ हा आकडा ६६ ते ७६ असा पट्टा म्हणून वाचला पाहिजे, असे निकालपत्रात नोंदले गेले. कसोटी जुनी असल्याबद्दल आकड्यातून किती वजा करावे, यावर अमेरिकेतील न्यायालयांत वेगवेगळे निर्णय झाले आहेत. काही ही वजावट मान्य करतात, काही नाकारतात.